हौदावरचा पहारा

प्रश्न

लातूर शहरातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. घरात सासू-सासरे, पती, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि त्या स्वतः अशी सहा माणसे आहेत. सध्या नळाला दहा दिवसांनी पाणी येते, तेही मध्यरात्रीनंतर. अंगणातला पाच हजार लिटरचा हौद आणि गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी भरून घेतली, तरी सातव्या दिवशी तळ दिसतो आणि टँकर मागवावा लागतो. पाण्याची किंमत घरात फक्त आपल्यालाच आहे, अशी त्यांची तक्रार आहे. नळ येणार म्हटले की सासूबाई स्वयंपाकघरातल्या दोन पिंपांतले उरलेले पाणी ‘शिळे झाले’ म्हणून अंगणात ओततात. पतीचे म्हणणे असे, की उसाला पाण्याचे पाट वाहत असताना आपण बादल्या कशाला मोजायच्या. त्यांना साडेतीनशे फुटांवर आटलेल्या बोअरऐवजी सातशे फुटांचा नवा बोअर कर्ज काढून घ्यायचा आहे. मुलीने आंघोळीला दुसरी बादली घेतली म्हणून वाद झाला आणि दोन दिवस ती आईशी बोलली नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना एका बादलीत काम आटोपायला सांगितले, तर त्यांनी काम सोडण्याची भाषा केली. ‘घरच्यांना पाण्याचे गांभीर्य कसे पटवून द्यावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातून एक गोष्ट स्पष्ट दिसते, की घरातल्या पाण्याचा सगळा जमाखर्च तुम्ही एकट्याने डोक्यात ठेवला आहे आणि तो ठेवता ठेवता तुम्ही थकून गेला आहात. नळाच्या आवाजाने रात्री जाग येते, असेही तुम्ही लिहिले आहे. म्हणून उपायांकडे वळण्याआधी तुमच्या प्रश्नालाच हात घालते. गांभीर्य पटवून द्यायचे आहे, असे तुम्ही म्हणता. परंतु लातूरच्या माणसाला ते खरोखर पटवावे लागते का? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, ते तुमच्याच शहरासाठी. शहराला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा तेव्हा संपलेला होता, आणि त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती व पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. ज्यांनी हे दिवस पाहिले, त्यांना टंचाई म्हणजे काय हे ठाऊक आहे. जे आधीच पटलेले आहे ते पुन्हा पुन्हा पटवायला गेले, की त्याचा उपदेश होतो, आणि घरातल्या उपदेशाला कानाडोळा हे एकच उत्तर मिळते. माझा अंदाज असा आहे, की तुमच्या घरात जाणीव पुरेशी आहे. पाणी नेमके कुठे जाते याचा हिशेब मात्र कोणाकडेच नाही, आणि स्पष्ट बोलते म्हणून राग मानू नका, तो तुमच्याकडेही नाही.

तो हिशेब तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच मांडू. सहा हजार लिटर सात दिवसांत संपते, म्हणजे दिवसाला सुमारे ८५० लिटर, माणशी १४० लिटरच्या आसपास. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. तुमचे घर, म्हणजे, उधळे मुळीच नाही. भर सुकाळातल्या घरासारखे ते वागते आहे, एवढेच. तेच सहा हजार लिटर दहा दिवस पुरवायचे तर माणशी १०० लिटर येतात, आणि शंभर लिटरमध्ये एक माणूस कसलीही आबाळ न होता राहू शकतो. टँकरवर अवलंबून असलेल्या टंचाईग्रस्त गावांत माणशी २० लिटरचा हिशेब असतो, हे लक्षात घेतले तर तुमच्या अडचणीचे खरे माप कळेल. तुम्हाला माणशी चाळीस लिटर कमी करायचे आहेत, आणि त्यासाठी कोणाच्याही आंघोळीवर पहारा ठेवण्याची गरज नाही.

ज्या ठिकाणी तुमचे वाद होतात, त्या ठिकाणी पाणी फारसे जातच नाही. मुलीची दुसरी बादली वीस लिटरची. सासूबाई ओततात ते पाणी दहा दिवसांतून एकदाच ओततात. याउलट ज्याचा तुमच्या लांबलचक पत्रात एकदाही उल्लेख नाही, तो संडासाचा फ्लश बघा. जुन्या पद्धतीची टाकी असेल तर ती एका वेळेला दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडते. सहा माणसे दिवसातून पाच-पाच वेळा गेली तरी तीस वेळा फ्लश होतो, आणि हौदातले तीनशे लिटर स्वच्छ पाणी, म्हणजे दिवसाच्या खर्चाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग, कोणाचेही लक्ष न जाता निघून जातो. दार बंद असते, त्यामुळे तिथे भांडण होत नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा सुरुवात तिथून करा. आधी रात्री सगळे झोपल्यावर फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि वीस-पंचवीस मिनिटांनी भांड्यात निळी धार उतरली आहे का ते पाहा. उतरली असेल तर टाकीतला रबराचा पडदा किंवा वॉशर झिजला आहे आणि पाणी दिवसरात्र गळते आहे. ही गळती कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्यालाही सहसा दिसत नाही. हौदाचीही अशीच परीक्षा घेता येते: रात्री मोटर बंद ठेवून आणि गच्चीच्या टाकीकडे जाणारी व्हॉल्व्ह बंद करून आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खडूची रेघ ओढावी आणि सकाळी पाहावे. झाकलेल्या हौदातली पातळी एका रात्रीत बोटभर उतरली, तर दोष घरच्या माणसांचा नसून हौदाच्या सांध्यांचा आहे. कितीतरी घरांमध्ये माणसांना बोल लावले जातात आणि पाणी तडा गेलेल्या कोपऱ्यातून जमिनीत मुरत असते. थेंब थेंब गळणारा नळही क्षुल्लक समजू नये. सेकंदाला एक थेंब पडत राहिला तर दिवसभरात पंधरा-वीस लिटर जातात, म्हणजे जवळपास ती वादातली बादलीच.

त्यानंतरचे काम म्हणजे फ्लशला हौदाचे पाणी द्यायचेच नाही. संडासाजवळ शंभर लिटरचा झाकणाचा ड्रम आणि एक लहान बादली ठेवा. लघवीनंतर दोन-तीन लिटर आणि शौचानंतर आठ-दहा लिटर पाणी थोड्या उंचीवरून, एका दमात ओतले तर भांडे स्वच्छ होते. हे पाणी थेट भांड्यात ओतावे. साबणाचे पाणी फ्लशच्या टाकीत भरू नये, कारण त्यातला गाळ आतली झडप खराब करतो. अशा रीतीने दिवसाला साधारण दीडशे लिटर लागतील, आणि त्यांतले बहुतेक तुमच्या घरात आजच उपलब्ध आहेत. फक्त ते गटारात जात आहेत.

ते कुठे आहेत, तेही सांगते. तुमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन ते तीन लिटर, कधी त्याहून अधिक, बाहेर टाकते. वीस लिटर गाळलेत तर चाळीस-साठ लिटर मोरीत गेले. त्या नळीचे तोंड एका बादलीत सोडा. हे पाणी क्षारांनी जड असते, म्हणून पिण्यास किंवा स्वयंपाकास मुळीच वापरू नये आणि कुंड्यांनाही रोज घालू नये; फरशी पुसणे, संडास, भांड्यांची पहिली विसळ यांसाठी ते उत्तम आहे. मुळात तुम्हाला आरओची गरज आहे का, हेही तपासण्यासारखे आहे. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेले पाणी भारतीय मानकाप्रमाणे पिण्यास योग्य धरले जाते. धरणाचे पाणी बहुधा त्या मर्यादेत असते आणि तेव्हा गाळून उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी मात्र चवीवरून ठरवू नये; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेतून ते तपासून घ्यावे, कारण नायट्रेट आणि फ्लोराइड जिभेला कळत नाहीत.

दुसरा साठा कपडे धुण्याच्या मशीनचा. वरून कपडे टाकायचे मशीन एका धुण्याला शंभर लिटर किंवा अधिक पाणी घेते, आणि तुमच्याकडे ते रोज लागते. शाळेचे गणवेश दोन-दोन असतील तर मशीन एक दिवसाआड पूर्ण भरून लावता येईल. मशीनची सोडनळी ड्रममध्ये वळवली की त्या दिवसाच्या संडासाची बरीचशी सोय झाली. साबणाचे पाणी एका दिवसापेक्षा फार काळ साठवू नका, त्याला वास सुटतो. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला आणि कुंड्यांना. कूलर असेल तर त्याच्याकडेही एकदा बघा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसभरात काही बादल्या सहज पितो, आणि दुपारी रिकाम्या खोलीत तो चालू राहिला तर ते सगळे वायाच गेले. एवढे केल्यावर तुमचे सहा हजार लिटर दहा दिवसांच्या पुढे जातील, असा माझा हिशेब आहे. आठवडाभर करून पाहा आणि हौदात फूटपट्टी टाकून रोजची पातळी दिनदर्शिकेवर लिहा. हे लिहिण्याचे काम धाकट्या मुलाकडे द्यावे. आकडा भिंतीवर सगळ्यांना दिसू लागला, की तुम्हाला तो तोंडाने सांगावा लागणार नाही.

आता सासूबाईंविषयी. पाणी भाकरीसारखे शिळे होत नाही, हे त्यांना सांगून तुम्ही थकला असाल. पण त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे आहे, असे समजू नका. झाकण नसलेल्या, हात बुडवल्या जाणाऱ्या, बुडाशी गाळ साचलेल्या पिंपातले पाणी आठ-दहा दिवसांनी खरोखरच पिण्याजोगे राहत नाही; आणि डेंग्यूचा डास घरातल्या अशाच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळायला सांगते. पाणी दहा दिवसांनी येणाऱ्या गावात हा सल्ला जिवावर येतो, हे मान्य. शिवाय ही अंडी पाण्याच्या रेषेवर पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून दिल्याने काही साधत नाही, पिंप आतून खसखसून घासावेच लागते. सासूबाईंची दक्षता खरी आहे, तिची जागा मात्र चुकली आहे.

यावर तोडगा सोपा आहे. दोन्ही पिंपे एकदम वापरायला काढू नका. पहिले संपेपर्यंत दुसरे घट्ट झाकून, झाकणाखाली पातळ कापड बांधून ठेवा. पहिले रिकामे झाले की त्याच दिवशी ते घासून उन्हात पालथे घाला. नळाच्या दिवशी दुसऱ्यात जे उरलेले असेल, ते आदल्या संध्याकाळी बादल्यांत काढून आंघोळीला किंवा धुण्याला वापरायचे, आणि तेही पिंप घासून नवे पाणी दोन्हींत भरायचे. सासूबाईंना नवे पाणी स्वच्छ पिंपात मिळाले, तुमचा एक तांब्याही वाया गेला नाही, आणि आठवड्याचा कोरडा दिवस पिंपांच्या पाळीतच जवळपास पाळला गेला. पिंपातून पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. ही सगळी व्यवस्था तुम्ही ठरवून त्यांना सांगू नका. त्यांच्या हाती सोपवा. १९७२ चा दुष्काळ त्यांच्या बालपणातला असावा. जुनी माणसे सांगतात, की तेव्हा माणसे दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर जगली, पण विहीर खणली तर पाणी लागत असे. आज ज्वारी दुकानात आहे आणि पाणी सातशे फुटांवर. राखेने किंवा मातीने भांडी घासून दोन तांब्यांत विसळणारी ती पिढी आहे. तिला काटकसर शिकवण्याऐवजी तिच्याकडे काटकसरीचा कारभार द्यावा, असे मला वाटते.

मुलीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने बोलू शकत नाही. नववीतल्या मुलीला महिन्यातले काही दिवस जास्त पाणी लागते आणि ते प्रत्येक वेळी मागून, कारण सांगून घ्यावे लागणे तिला अवघड वाटते. ती दुसरी बादली कशासाठी होती, हे तुम्ही तिला विचारल्याचे पत्रात दिसत नाही. टंचाई कितीही असो, काही पाणी बोलणीच्या बाहेर ठेवावे: पिण्याचे, मासिक पाळीतल्या स्वच्छतेचे, हात धुण्याचे, आणि आजारी किंवा वृद्ध माणसाच्या संडासाचे. तुमच्या सासऱ्यांना रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. घरात पाण्यावरून धुसफूस चालू असली, की अशी माणसे कोणाला न सांगता पाणी पिणेच कमी करतात, आणि लातूरच्या मे महिन्यात ते फार धोक्याचे आहे. त्यांच्या तांब्याकडे लक्ष असू द्या, तो भरलेला आहे ना हे पाहण्यासाठी.

मावशींनाही तुम्ही घाईने बोललात. नळ सोडून भांडी विसळली तर मिनिटाला सहा-आठ लिटर जातात हे खरे, पण कुकर आणि कढया असलेल्या सहा माणसांच्या घरातली भांडी एका बादलीत होत नाहीत. खरकटे आधी काढून टाकलेले असेल, तेलकट कढई कागदाने पुसलेली असेल, एक घमेले साबणाचे आणि दोन बादल्या विसळायच्या असतील, तर काम नीट होते. आणि खरकटे काढणे हे घरच्या माणसांचे काम आहे, मावशींचे नव्हे. शिवाय त्यांच्या घरी पाच हजार लिटरचा हौद असण्याची शक्यता कमीच. ज्या घरात साठवायला दोन ड्रम आहेत, त्या घराला दहा दिवसांचा खंड तुमच्यापेक्षा कितीतरी कडक जातो. काटकसरीचे पहिले फर्मान, बघा, नेमके त्यांच्यावर निघाले ज्यांच्या वाट्याला सगळ्यांत कमी पाणी येते. त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोला, आणि तुमचा हौद जेव्हा भरतो त्या दिवशी त्यांना दोन घागरी नेता येतील का, तेही विचारा.

राहिले तुमचे पती. उसाचा त्यांचा मुद्दा मी खोडून काढणार नाही, कारण तो खोटा नाही. अवर्षणप्रवण मराठवाड्यात उसाखालचे क्षेत्र आणि त्याला लागणारे पाणी यांचा हिशेब मांडला, तर घरगुती बादली त्यात कुठेच दिसत नाही. तुम्ही वाचवलेल्या पाण्याने मांजरा धरण भरणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे. तुमची बचत धरणासाठी नाहीच. ती आठव्या, नवव्या आणि दहाव्या दिवसासाठी आणि टँकरवाल्याला द्याव्या लागणाऱ्या पैशांसाठी आहे. पीकपद्धतीविषयी त्यांना जे म्हणायचे आहे ते त्यांनी नगरसेवकाला, आमदाराला, पाणीवाटपाच्या चर्चेत जरूर म्हणावे. तो राग न्याय्य आहे, पण फ्लशची गळती तशीच ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

बोअरसाठी कर्ज काढण्याआधी मात्र त्यांनी थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लातूरच्या पायाखाली काळा बसाल्ट खडक आहे. या खडकात पाणी असते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. जसजसे खोल जावे तसतशा भेगा विरळ होतात, आणि तिथे लागलेले पाणी वर्षानुवर्षे मुरून साठलेले असते. ते उपसायला काही उन्हाळे पुरतात, पुन्हा भरायला पावसाळे पुरत नाहीत. साडेतीनशे फुटांवरचा बोअर आटला म्हणून सातशेवर जाणे म्हणजे चालू खाते संपल्यावर मुदत ठेव मोडण्यासारखे आहे, आणि ती ठेव शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे.

त्याऐवजी तेच पैसे, आणि बहुधा त्यांतला थोडाच भाग, गच्चीवर लावावा. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, की एक हजार लिटर पाणी जमते. वाऱ्या-उन्हात आणि गच्चीच्या उतारात काही गेले तरी आठशे लिटर हाती लागतात. पावसाळ्यात असे दिवस अनेक येतात. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी गच्ची झाडून घ्या, पन्हळीचे पाणी एका पाइपात आणा, पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी ठेवा आणि त्यानंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून हौदात उतरवा. हौद भरून वाहू लागला, तर तेच गाळलेले पाणी आटलेल्या जुन्या बोअरमध्ये सोडता येते. मात्र गाळणीशिवाय किंवा अंगणातले वाहते पाणी त्यात कधीही सोडू नये, कारण बोअरमधून गेलेली घाण थेट भूजलात मिसळते आणि तिथून ती काढता येत नाही.

एवढे करूनही पतींचा बोअरचाच आग्रह राहिला, तर त्यांना आधी एक माहिती गोळा करायला सांगा: तुमच्या गल्लीतले बोअर किती फुटांवर आहेत, कोणत्या वर्षी घेतले आणि गेल्या तीन उन्हाळ्यांत ते कोणत्या महिन्यात बंद पडले. जमिनीतले पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचा नारळ आणि बोअरच्या गाडीवाल्याचा शब्द यांच्यापेक्षा ही माहिती भरवशाची आहे, आणि ती गोळा करायला एक रविवार पुरतो.